कस्तुराबाईच्या ओसरीत सुगराबीचे झिंगे

कामरगावात सुगराबीच्या हाताबद्दल दुमत नाही. गादीतला कापूस तिच्या नवऱ्याचा, वहाबचा असतो, पण टाका सुगराबीचा. तिने दाभण ओढून घातलेला टाका पाहुण्यांचे लांबलेले मुक्काम सोसतो, पोरांच्या कोलांट्या सोसतो, नव्या जोडप्याची भांडणंही सोसतो. तिच्या तोंडाबद्दल मात्र गावात दोन मतं आहेत. ती फार बोलते, हे एक. दुसरं मत तिच्या नवऱ्याचं आहे, आणि ते त्याने अजून कोणापुढे मांडलेलं नाही.

वहाबचं गाद्या भरायचं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर आणि घर आत गल्लीत. त्याच्या भिंतीला भिंत लागून चंपत आणि कस्तुराबाईचं घर. मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवून बाजारात नेणारी माणसं, दारात एक बैलजोडी. मधली भिंत अशी की इकडे मिरची परतली की तिकडे शिंक येते, आणि शिंक आली की इकडून सुगराबी विचारते, आज काय केलं होतं जेवायला. असा हा शेजार.

आता या घरात मासे कसे आले ते ऐका. सुगराबीचा मुलगा अमान नागपूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला. जाताना आपली काचेची टाकी आणि त्यातले चार रंगीत मासे बाहेरच्या खोलीत ठेवून गेला. वहाबचा हिशेब सरळ होता. मासे आठवडाभरात मरतील आणि टाकी सुया-दोरे ठेवायला होईल. माशांना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. ते जगले, वाढले आणि त्यांना पिल्लं झाली. पिल्लांसाठी दुसरी टाकी आली, मग तिसरी. आज त्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचाच काचा आहेत. कारंजा गावचा एक दुकानदार मोटारसायकलवर येतो आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून मासे घेऊन जातो. सुगराबीला कोणी हसलं तर ती म्हणते, लोक कोंबड्या पाळतात, मी मासे पाळते. फरक एवढाच, माझे पहाटे ओरडत नाहीत.

पण तिचा जीव अडकला होता तो एंजलमध्ये. एंजल म्हणजे पतंगासारखा चपटा मासा. वर-खाली लांब पर, अंगावर काळे पट्टे, आणि चाल अशी की लग्नघरात नवरदेवाची मोठी बहीण फिरावी. तिच्याकडे एक जोडी होती. त्या जोडीने दोनदा टाकीतल्या रुंद पानावर अंडी घातली, दोनदा पिल्लं फुटली आणि दोनदा मेली. पहिल्या खेपेला सुगराबीने उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून सोडला, तर पाणी सडलं. दुसऱ्या खेपेला डबीतली भुकटी टाकली, तर पिल्लांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा तिला उमगलं की एंजलच्या पिल्लांना हलतं खाणं लागतं. जे हलत नाही ते त्यांच्या लेखी जेवणच नाही.

मोबाईलवर कोणा हिंदी बोलणाऱ्या माणसाचे व्हिडिओ बघून तिने त्यावरचा इलाज काढला. झिंगे. बाजारात वाळवून विकतात ते नव्हेत, त्यांचे अगदी बारके भाऊबंद, सुईच्या टोकावर दोन बसतील असे. दुकानदार त्यांना आर्टेमिया म्हणतो, सुगराबी झिंगेच म्हणते. त्यांची अंडी सुकी, तपकिरी, डबीत मिळतात. अमरावतीहून डबी आली तेव्हा चंपतने ती उघडून चिमूट थेट नाकाकडे नेली होती. तपकीर समजला बिचारा. सुगराबीने मनगट धरून ती चिमूट पुन्हा डबीत झटकून घेतली.

करायचं ते फार नाही. थंड्याची मोठी बाटली घ्यायची, बूड कापायचं आणि उलटी टांगायची. त्यात खारं पाणी, त्यात चिमूटभर अंडी, आणि हवेच्या पंपाची नळी पार बुचापर्यंत सोडायची, म्हणजे बुडबुडे सगळ्यांना उठवून नाचवत ठेवतात. शेजारी दिवा लावायचा. एका दिवसात बाटलीत केशरी धुरळा उडायला लागतो. तो धुरळा म्हणजेच जिवंत झिंगे. मीठ मात्र खडेमीठच पाहिजे. घरातलं पुडीचं मीठ एकदा सुगराबीने वापरून पाहिलं, तर सगळी अंडी तशीच्या तशी तळाला बसली. वहाब म्हणाला होता, मीठ ते मीठ. त्या दिवसापासून या विषयात वहाबचं मत कोणी घेत नाही.

आणि त्याच वहाबला ती खोली पाहिजे होती. पावसाळा लागला तसं दुकानाचं छप्पर गळायला लागलं, कापसाच्या गाठोड्यांना ओल लागायला लागली. कापूस एकदा ओला झाला की गादीला वास धरतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जातं. वहाबचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो ते रोज जेवताना म्हणायचा. शेवटी एक दिवस सुगराबीने भाकरी थापता थापताच निकाल लावला.

"या खेपेले एंजलची पिल्लं जगली, त्याइले मायबापासारका आकार आला, त खोली माही. नाही जगली, त टाक्या मीच कारंज्याले पाठवतो अन् तुमचा कापूस मीच आत आणतो. मंग पुन्ना कोनी बोलाचं नाही."

वहाबने पिल्लांचा आजवरचा इतिहास आठवला आणि लगेच कबूल केलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की सुगराबीने त्याला त्या दिवशी एक भाकरी कमीच वाढली.

*

एंजलने पोळ्याच्या तोंडावर अंडी घातली. आता माशाला काय ठाऊक पोळा कधी. अंडी फुटली, पिल्लं पानाला चिकटून नुसती वळवळत होती. असे काही दिवस ती पोटातल्या साठ्यावर काढतात. साठा सरला की पानावरून सुटतात, आणि सुटली की त्यांना त्या दिवशी खायला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सुटणार हे सुगराबीला त्यांच्या शेपट्यांवरून दिसत होतं. तिने पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीच बाटली लावून ठेवली होती. पंप चालू, दिवा चालू, बुडबुडे जोरात.

म्हणूनच पोळ्याच्या सकाळी चंपत अंगणाच्या भिंतीवरून डोकावला, बैलांच्या आंबोणात घालायला खडेमीठ आहे का विचारलं, तेव्हा सुगराबीने हात आखडला नाही. चंपतकडचं मीठ संपलं होतं आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद. तिने आपली अख्खी थैली भिंतीवरून दिली. थोडं ठेव तुला, तो म्हणाला. तर ही म्हणते, माझं काम झालंय, माझी बाटली लागली आहे, तू ने आपला. ही तिची सवय. देताना मोजत नाही, आणि आपलं काही बिघडू शकतं हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

दुपारी कस्तुराबाईने तिला पुरणपोळीला बोलावलं. वर्षानुवर्षांचा रिवाज आहे तो. ईदला शीरखुर्मा भिंतीवरून तिकडे जातो, पोळ्याला सुगराबी स्वतः इकडे येते, कारण कस्तुराबाई तूप आपल्या हाताने वाढते आणि पुरे म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. जेवण झालं, सुपारी झाली. मग कस्तुराबाईची लेक उज्ज्वला, तिची सासू, सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्या निमित्ताने उघड झालेला सगळ्यांचा स्वभाव असं सगळं बोलून होईतो उन्हं उतरली. गावचे बैल सजून मैदानाकडे निघाले, गल्ली त्यांच्यामागे रिकामी झाली, तेव्हा सुगराबी उठून आपल्या घरी आली.

दारातच तिला कळलं. खोलीत आवाज नव्हता. बुडबुड थांबली होती.

आत वहाब उभा. त्याच्या दाढीत कापूस, टोपीवर कापूस, भुवयांवर कापूस. दुकानाच्या गळक्या कोपऱ्यातलं एक गाठोडं त्याने घरी आणलं होतं, आणि बायको शेजारी गेलेली पाहून ते बाहेरच्या खोलीत सोडून काठीने झोडून मोकळं केलं होतं. खोलीत गाठोडी किती मावतील तेही जाता जाता मापून घ्यावं, असा विचार होता. पाण्यावर झाकणं आहेत हे त्याने पाहिलं होतं, म्हणजे काळजी घेतली नव्हती असं नाही. पण हवेचा पंप खालच्या एवढ्याशा भोकातून हवा ओढतो, आणि हवेबरोबर त्याने दुपारभर वहाबचा कापूस ओढला. पोट भरल्यावर तो बंद पडला. टांगलेल्या बाटलीत सगळी अंडी बुचाशी गाळासारखी बसली होती आणि पाण्याला आंबूस वास सुटला होता.

पिंजाऱ्याच्या घरात मासे पाळल्यावर हे कधीतरी होणारच होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी पंप असा मेला नसता.

वहाबला वाटलं आता सुगराबीचं तोंड सुटेल. ते सुटलं नाही, म्हणून तो जास्त घाबरला. तिने पंप उलटा केला, जुन्या दातांच्या ब्रशने खालची चकती घासून कापूस काढला, प्लग लावून पाहिला. पंप घुरघुरला. डबीत अंडी होती. पाणी होतं. पान निरखून पाहिलं. पिल्लं अजून चिकटलेली होती. आत्ता बाटली लावली तर उद्या दिवेलागणीला झिंगे तयार, आणि तोवर पिल्लं तग धरतील. उद्या सकाळी लावली तर परवा, आणि परवा खाऊ घालायला एकही पिल्लू उरणार नाही.

मीठ तेवढं नव्हतं. दुकानं बंद होती. आपल्या बिरादरीच्या घरांत सगळीकडे पुडीचं मीठ, खडेमीठ लागतं ते गुराढोरांच्या घरी. आणि शेजारच्या गुराढोरांच्या घरी तिची स्वतःचीच थैली पडली होती.

"मी म्यादानातून चंपतले बोलावून आणू का?" वहाब हळूच म्हणाला.

"तुमी दाढीतला कापूस काढा," सुगराबी म्हणाली, आणि निघाली.

*

कस्तुराबाई नेमकी तेव्हाच तुळशीपाशी दिवा ठेवून वळली होती. सुगराबी दारात येऊन उभी राहिली, घाईने दोन शब्दांत काय झालं ते सांगितलं आणि मूठभर मीठ मागितलं. कस्तुराबाईचा चेहरा पडला. तिने दिव्याकडे पाहिलं, मग सुगराबीकडे.

"दिवा लागला न व सुगरा. आता कशी देऊ?"

"अव, माहीच थैली हाय ते."

"सकाळी तुही होती. घरात आली, मंग घराची झाली. दिवा लागल्यावर मीठ घराच्या बाहीर जात नसते. सकाळी ये, गोनीभर देतो."

इथे दुसरी कोणी असती तर भांडण झालं असतं आणि पुढे पाच वर्षं चाललं असतं. पण सुगराबी कस्तुराबाईला ओळखून होती. दिवेलागणीनंतर मीठ, दही, दूध तिने कधी कोणाला दिलं नाही. स्वतःच्या लेकीलाही नाही. एकदा उज्ज्वला माहेराहून जायला निघाली आणि बस चुकल्याने उशीर झाला, तर बांधलेला दह्याचा डबा कस्तुराबाईने पिशवीतून परत काढून घेतला होता. यात कंजुषी नाही. दुपारी हिनेच तुपाची वाटी रिकामी केली होती. घरची लक्ष्मी घरात राहावी एवढंच. आणि सुगराबी तरी काय, अर्धी शिवलेली गादी कोणी ओलांडली तर टाके उसवून पहिल्यापासून घालणारी. ज्याचं त्याचं असतं. तेव्हा लक्ष्मीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिच्या बाजूने जायची वाट काढायला पाहिजे होती.

सुगराबीने उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहूनच विचारलं, "मीठ बाहीर जात नाही. पन पानी आत येते का?"

कस्तुराबाईने थोडा विचार केला. "पानी काहून नाही येनार? पानी येऊ द्याच लागते."

झालं. सुगराबी वळली, धुतलेली बाटली, पाण्याची कळशी, पंप, वायर, बल्ब असं सगळं कवेत घेऊन परत आली. मागून वहाब स्टूल घेऊन. मीठ त्या घरातून हललं नाही. मिठाकडेच बिऱ्हाड आलं.

ओसरीत जू टेकवायच्या खुंटीला बाटली टांगली. मीठ कस्तुराबाईने आपल्या हाताने, आपल्या मुठीने, आपल्या ओसरीत घातलं. सुगराबीने बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट, लोणच्याच्या खारापेक्षा कमी. बरोबर होतं. मग तिने डबी उघडली, आणि कस्तुराबाईने आत्तापर्यंत न विचारलेला प्रश्न विचारला.

"हे हाय तरी काय?"

औषध आहे म्हणाली असती तर खपून गेलं असतं. पण दुसऱ्याच्या घरात, त्याच्या सणाला, खोटं बोलून बाटली टांगायची, हे सुगराबीला जमण्यातलं नव्हतं.

"झिंग्याची अंडी."

कस्तुराबाईने पदराने हात पुसले. श्रावणभर त्या घरात कांदासुद्धा शिजला नव्हता. आत पुरणाचा वास, दारात दिवा, आणि ओसरीत झिंगे. तिने काही बोलायच्या आत वहाब स्टूल उचलून परत निघालाही होता.

"श्रावन हाय न व," ती म्हणाली.

"आज सरते."

"सरला नाही अजून. आवस हाय आज."

"म्हनूनच त सांगतो. आज जीव नाही त्याच्यात. आज निस्तं बी हाय, सुकं. पान्यात फुगन, उद्या दिवा लागाच्या येळी फुटन. उद्या तुही कर हाय. करीले घरोघरी मटन शिजते, हे तुले मी सांगू?"

 कस्तुराबाईने डबीत बोट घातलं आणि भुकटी अंगठ्यावर चोळून पाहिली, बियाणाच्या दुकानात मेथीचं बी चोळून पाहते तशी. ही बाई लहानपणापासून बी पेरत आलेली. तिला कोणी बी म्हटलं की तिचा हात आपोआप त्यात जातो.

"मेथीले दोन-तीन दिस लागते," ती म्हणाली.

"याले एक पुरते."

"अन् उगवते किती?"

"डबी चांगली असली त बहुतेक सारं."

"बियावाले बी असंच सांगते," कस्तुराबाई म्हणाली, आणि चिमूट तिने स्वतः बाटलीत सोडली. मात्र अट घातली. स्वयंपाकघरात पाऊल नाही, तिच्या भांड्यांना हात नाही, आणि उद्या झिंगे निघतील तेव्हा मिठाचा एक कण त्यांच्याबरोबर घराबाहेर जाता कामा नये. सुगराबी म्हणाली, कण कशाला, वास जाणार नाही. पंप सुरू झाला, बल्ब लागला, आणि बैल घरी यायच्या आत ओसरी बुडबुडायला लागली.

*

आता पोळ्याच्या संध्याकाळी बैल दारोदार फिरतात, त्यांच्यामागे माणसं फिरतात आणि कस्तुराबाईच्या ओसरीतून सगळ्यांना जावं लागतं. जो येई तो बाटलीपाशी थबके. उलटी टांगलेली बाटली, त्यात नळी, आत काहीतरी तपकिरी उकळतंय आणि शेजारी दिवा. नानीबाई वयाने सगळ्यांत मोठी आणि नजरेने सगळ्यांत अधू. तिने बैलांना हळद-कुंकू लावलं, आणि हाताला उरलेलं बाटलीला लावून नमस्कार केला. कस्तुराबाई तिला समजावायला निघाली होती, सुगराबीने तिला चिमटा काढून थांबवलं. दुवा कोणाचीही असो, घ्यावी.

गावात गेलेली बातमी मात्र तशी पवित्र नव्हती. चंपत माणूस असा की आयुष्यात कधी दारूला शिवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे गावाचा खाण्यापिण्याचा दिवस. तेव्हा ओसरीत नळी लावून बाटली उकळताना दिसली, याचा गावाने जो अर्थ लावायचा तो रात्रीच्या आत लावला. कोणी म्हणालं मोहाची आहे, कोणी म्हणालं नाही, चंपत भाजीवाला, त्याने टमाट्याची काढली असणार. बातमी पसरवायला गल्लीत माणसांची वानवा कधीच नव्हती.

करीच्या दुपारी चंपतचा चुलतभाऊ देवमन उगाच विचारपूस करायला आला. बैलांची तब्येत विचारली, वांग्याचा भाव विचारला, पाऊस कसा काय ते विचारलं. डोळे सारखे खुंटीकडे. कस्तुराबाई पाणी आणायला आत गेली तसा तो उठला, पंपाकडून येणारी नळी जोडातून काढली आणि तोंडात धरून ओढायला लागला. आता त्याने नळीचं जे टोक धरलं ते पंपाकडचं. त्यातून दारू यायची कशी? आली ती हवा, आणि तीही दमादमाने. देवमनचे गाल बेडकासारखे फुगायला लागले. कस्तुराबाई पाणी घेऊन बाहेर आली तो हा असा, तोंडात नळी, डोळे बाहेर, आणि मागे बाटली गप्प.

तिने तांब्या खाली ठेवला आणि केरसुणी उचलली. देवमन चपला तिथेच टाकून गेला, त्या त्याने नंतर पोरीला पाठवून मागवल्या. कस्तुराबाईने नळी परत जोडली, बुडबुडे सुरू झाले याची खात्री केली, आणि मग तिथेच पाट टाकून बसली. मेथी निवडायला घेतली, पण पहारा बाटलीवर. मधून मधून उठून बाटलीला डोळा लावायची. बियाण्याच्या वाफ्याशी बसावं तशी बसली होती. उन्हं कलली तेव्हा भिंतीवरून सुगराबीला तिची हाक गेली, आणि त्या हाकेत शेजारधर्मापेक्षा अधिक काहीतरी होतं.

"ये व लवकर. उगवलं."

उगवलं होतं खरंच. तपकिरी पाणी केशरी झालं होतं. सुगराबीने पंप बंद केला, बल्ब विझवला आणि मोबाईलची बॅटरी बुचाशी धरली. रिकामी टरफलं वर तरंगून आली, अख्खी अंडी तळाला गेली, आणि झिंगे, उजेडाचे वेडे, आपले आपण खाली बुचापाशी गोळा व्हायला लागले. केशराचं बोट पाण्यात सोडावं तसा तो रंग जमत गेला. चंपत, कस्तुराबाई, वहाब, तिघे वाकून बघत होते.  कस्तुराबाई एवढंच पुटपुटली की मेथी कधी अशी आली नाही.

गाळायला कापड पाहिजे होतं. ओढणीतून झिंगे निसटतात, हे सुगराबीच्या लक्षात यायच्या आत वहाबने खिशातून घडी काढली. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, घट्ट विणीचं, कापसाचा तंतू बाहेर येऊ नये म्हणून वापरतात ते. धुऊन, वाळवून आणलं होतं.  सुगराबीने चौकोन मापाने बरोबर कापलाय का तेवढं पाहून घेतलं.

दिवेलागणीची वेळ होत आली होती, आणि मीठ घराबाहेर जायचं नव्हतं. म्हणून झिंगे तिथेच कापडावर घेतले, खारं पाणी कस्तुराबाईच्याच बादलीत निथळलं, वरून तीनदा गोड्या पाण्याने धुतले. धुतलेलं पाणी सुगराबीने जिभेला लावलं आणि कस्तुराबाईपुढेही धरलं. करीचा दिवस असला तरी झिंग्याचं पाणी चाखायला ती तयार झाली नाही. सुगराबीच्या जिभेवर विश्वास ठेवते म्हणाली. बादलीतलं पाणी बैलांच्या आंबोणात टाकू का, असं चंपतने विचारलं. बैलांनी असं काय केलं होतं, हे कस्तुराबाईने नजरेनेच विचारलं, तेव्हा तो बादली घेऊन मोरीकडे गेला.

सुगराबी वाटीत झिंगे घेऊन आपल्या घरी आली. पिल्लं दुपारीच पानावरून सुटली होती आणि टाकीत पापण्यांच्या केसांसारखी भिरभिरत होती. इतकी पारदर्शक की डोळे तेवढे दिसत. तिने चमच्याने झिंगे सोडले. एक पिल्लू थांबलं. मागे वाकलं, जसा साप वाकतो तसं, आणि झडप घातली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या टाकीभर तेच. थोड्या वेळाने प्रत्येक पिल्लाच्या पारदर्शक अंगात केशरी पोट दिसायला लागलं, टिकलीएवढंही नाही, मोहरीच्या अर्ध्याएवढं. वहाबने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सुगराबीला त्याच्याकडे बघायची गरज वाटली नाही.

*

जगली म्हणजे सगळी जगली असं नाही. काही गेली, ती जायचीच. पण रोज संध्याकाळी एक बाटली तयार आणि दुसरी लावलेली, असा क्रम सुगराबीने चालू ठेवला. मीठ आता ती स्वतः आणते आणि सकाळी आणते. तरी एक बाटली कस्तुराबाईच्या ओसरीत टांगलेलीच आहे, कारण कस्तुराबाईने ती परत दिली नाही. तिला उगवलेलं बघायला आवडतं. सुगराबीने नेऊ का विचारलं तर म्हणाली, राहू दे, तुझा नवरा कधी काठी घेऊन कापूस झोडेल याचा नेम नाही.

नवरात्रात पिल्लांच्या अंगाला उंची आली, वर-खाली पराची टोकं फुटली, पट्टे दिसायला लागले. दसऱ्यापर्यंत टाकीत लहान लहान पतंग उडत होते. वहाब रोज सकाळी चहाचा कप घेऊन खोलीत जायचा, काचेशी उभा राहायचा आणि परत यायचा. अटीचा विषय त्याने काढला नाही. सुगराबीनेही काढला नाही. तिला काढायची काही घाई नव्हती. एक दिवस दुकानावर पत्रे चढताना गल्लीला दिसले, आणि गळका कोपरा ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हाही त्याने बायकोला नुसतं सांगितलं की पत्रे जुने झाले होते.

पण माणूस बोलल्याशिवाय किती दिवस राहणार. दिवाळीआधी सेवादास, पोहरादेवीच्या रस्त्यावर जीप चालवणारा, लेकीच्या लग्नासाठी दोन जुन्या गाद्या पुन्हा भरायला घेऊन आला. दुकान बंद दिसलं म्हणून घरीच आला, आणि एक गादी डोक्यावर घेऊन सरळ बाहेरच्या खोलीत शिरायला लागला. वहाब दारात आडवा झाला.

"तिथी नोको ठेवू. अंगनात ठेव."

"काहून? तुह्याच घरातली खोली न?"

"घर माहं हाय," वहाब म्हणाला. "खोली तिची हाय. तिले इचार."

सेवादासने गादीखालून मान वाकवून आत पाहिलं. सुगराबी बाटलीपाशी उकिडवी बसली होती. बारीक नळी तोंडात धरून ती झिंगे खाली ओढत होती, आणि वहाबचं वाक्य नेमकं त्या घोटाला आलं. तोंडभर खारं पाणी. हसता येईना, थुंकता येईना, कारण झिंगे वाया गेले असते. तिने सेवादासला हातानेच खूण केली, अंगणात ठेव. मग नळी हलकेच कापडावर सोडली, आणि केशरी धार लागली.